आवाजाची मुदत

सकाळी सव्वाआठला अप्पांनी डाव्या हाताचं बोट फोनवरच्या पिवळ्या चौकोनाला टेकवलं. चौकोन मोठा झाला, पडदा काळा पडला आणि चौकोन पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. अप्पांनी परत बोट टेकवलं. परत तेच. शिवलीला समोर बसून पेपर वाचत होती. पेपराच्या कडेवरून तिला फक्त ते बोट दिसत होतं, उठणारं आणि टेकणारं. सहाव्या-सातव्या वेळी ते थांबलं. अप्पांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. माझंच काही चुकलं का, असं विचारणारी ती नजर होती, आणि सत्तरीला आलेल्या बापानं आपल्याकडे असं बघावं हे तिला सोसवेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अव्वा, तिची आई, म्हणाली, “लीला, च्या पायजे म्हणत्यात का दूध? आज ह्ये का बोलंना झालंय?”

बोलंना झालंय. अव्वा फोनबद्दल म्हणत होती. पण गेल्या जूनमध्ये, असंच सकाळी, अव्वानं पुण्याला फोन करून हेच शब्द उच्चारले होते, फक्त ‘ह्ये’च्या जागी ‘ह्यास्नी’ होतं. “ह्यास्नी का बोलंना झालंय बग की गं लीला, तोंड वाकडं करून बसल्यात.” शिवलीला त्या वेळी ऑफिसच्या जिन्यात उभी होती, आणि तो जिना, त्याचा लोखंडी कठडा, कठड्याला लागलेला कुणाच्या तरी हाताचा ओलसरपणा हे सगळं आता, शाहूपुरीतल्या घराच्या या सोप्यात, तिच्या तळहाताला परत जाणवलं. तिनं अप्पांच्या हातातून फोन घेतला. बंद करून चालू केला. पिवळ्या चौकोनावर बोट टेकवलं. काळा पडदा. मग तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अकरा फेब्रुवारी. आणि एकदम तिच्या लक्षात आलं. फोन बिघडला नव्हता. मुदत संपली होती.

तो फोन तिच्या भावानं, सोमेशनं, अमेरिकेतून पाठवला होता. बटणं नसलेला, काचेचा, बोटाच्या स्पर्शावर चालणारा. गल्लीतले लोक तो बघायला यायचे. त्या फोनची एक गोष्ट मात्र बघणाऱ्यांना दिसायची नाही. त्यात कुठलाही नवा प्रोग्राम घालायचा तर तो कंपनीच्या स्वतःच्या दुकानातूनच यायला हवा, आणि दुकानात काय ठेवायचं ते कंपनी ठरवणार. फोन तुमचा, दार त्यांचं. जे प्रोग्राम बनवतात त्यांना आपल्या जवळच्या दोन-चार फोनांवर करून बघायची परवानगी मिळते, पण तीही मोजक्या दिवसांची. तिनं अप्पांसाठी बनवलेल्या प्रोग्रामचे ते दिवस काल संपले. अप्पा बोलत होते ते कंपनीच्या परवानगीनं बोलत होते, हे तिला ठाऊक होतं. पण ते आज, चहाच्या वेळी, असं समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. खरं तर वाटायला हवं होतं. तारीख तिनंच कुठंतरी लिहून ठेवली होती. गेले पंधरा दिवस रागानं तिनं त्या सगळ्या कामाकडे पाठ फिरवली होती, आणि आपल्या रागाचे दिवस अप्पांच्या आवाजातून वजा होत होते.

आवाज. अप्पांचा आवाज म्हणजे काय होतं ते शब्दांत सांगणं अवघड. मार्केट यार्डात ते प्रभुलिंगअण्णा, गुळाचे अडते. शेतकऱ्यांचा गूळ व्यापाऱ्यांना लिलावानं विकून द्यायचा हा धंदा. सौद्याला ते गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीवर उभे राहायचे, अनवाणी, धोतराचा सोगा खोचून, आणि त्यांनी पुकारा केला की यार्डाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेली कुत्री उठून बसायची. लहानपणी शिवलीला शाळेतून परस्पर तिथं जायची. गुळाचा उबदार, डोकं जड करणारा वास, पायाखाली चिकट फरशी, आणि वर कुठंतरी तो आवाज. घरी मात्र ते हळू बोलायचे, अव्वाला तर नुसतं “अगं ए” म्हणायचे, जणू घर ही आवाज धुऊन ठेवायची जागा होती. झटक्यानंतर दवाखान्यातून आणल्यावर पहिल्या आठवड्यात घर इतकं गप्प झालं की पाण्याच्या टाकीत पडणारा थेंबसुद्धा ऐकू यायचा. अप्पांना सगळं कळत होतं. डोळ्यांत सगळं होतं. तोंड उघडायचे, जीभ आत कुठंतरी शोधाशोध करायची, आणि नुसती हवा बाहेर यायची. अक्षरंही विस्कटली होती. पाटीवर नाव लिहून दाखवलं तर ते परक्या गावातली पाटी वाचावी तसे बघत राहायचे. चित्र मात्र ओळखायचे.

म्हणून चित्रं. पुण्याची प्रोग्राम लिहायची नोकरी सोडून ती आली आणि पावसाळाभर ते एकच काम करत राहिली. त्या फोनचे प्रोग्राम लिहायला त्याच कंपनीचा कॉम्प्युटर लागतो, तो शाळेतल्या मित्राकडे, अभिनंदनकडे होता. लक्ष्मीपुरीत त्याचा छापखाना. लग्नपत्रिका, ऊसबिलाची पुस्तकं, मुनिमहाराजांच्या चातुर्मासाची पत्रकं. दुपारी मशीन थांबली की तिला तिथं खुर्ची मिळायची. कंपनीकडे नाव नोंदवायला क्रेडिट कार्ड लागलं तेही त्याचं, पत्ता त्याचा, ईमेल छापखान्याचा. शाईच्या वासात बसून तिनं त्या पिवळ्या चौकोनाच्या आत बत्तीस चौकोन केले. कप, तांब्या, पंखा, दुखणारं पोट, देवघर, उशी. चौकोनाला बोट लावलं की फोन बोलणार. आधी तिनं स्वतःचाच आवाज भरला होता. अप्पांनी कपावर बोट ठेवलं, तिच्या आवाजात ‘चहा हवा’ ऐकलं आणि फोन पालथा करून ठेवून दिला. दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कृष्णात आला. यार्डातल्या हमालांचा मुकादम, अप्पांच्या बरोबर तीस वर्षं. तो म्हणाला, “ताई, वाघाच्या तोंडात चिमणी बसीवलीयासा तुमी. त्यो कसा बोलंल?”

मग कृष्णातचा आवाज भरला. छापखान्याच्या मागच्या कागदाच्या खोलीत, दार लावून. “च्या आण.” “पंखा बंद कर की.” “दुखतंय हितं.” “व्हय.” “न्हाय.” एकतीस चौकोन भरून झाले. बत्तिसाव्यावर काय घालायचं ते अप्पांनाच विचारलं. त्यांनी कृष्णातकडे बोट केलं, मग आपल्या तोंडाकडे, मग डावी मूठ मांडीवर आपटली आणि आजारपणानंतर पहिल्यांदा हसले, अर्ध्याच तोंडानं. कृष्णातला लगेच कळलं. तो लाजला. म्हणाला, “ताई, तुमी जरा भाईर जावा.” ती बाहेर गेली, पण कागदाच्या खोलीचं दार पातळ होतं. “रांडच्या!” असं आतून आलं, भरघोस, प्रेमानं, संपूर्ण यार्ड त्यात होतं. त्या बटणानं अप्पा घरात परत आले. टीव्हीवर झेल सुटला की बत्तीस. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं की, डॉक्टर दाराबाहेर पडल्यावर, बत्तीस. अव्वा तोंडाला पदर लावून म्हणायची, शिवशिवा, ह्या वयात.

दवाखान्यात व्यायामाला येणाऱ्या इतरांनी तो फोन पाहिला, तेव्हा हे दुकानात ठेवायचं ठरलं. कुणाच्या भावानं, कुणाच्या जावयानं बाहेरून तसाच फोन आणलेला होता, आणि प्रत्येकाच्या फोनावर आपल्या मोजक्या परवानगीतून किती दिवस घालत बसणार? तिनं अर्ज केला. तीन आठवड्यांनी नकार. कुठल्या भाषेत काय बोललं जातंय ते आम्हाला तपासता येत नाही, बत्तीसही वाक्यांचं इंग्रजी पाठवा. पाठवलं. बत्तिसाव्यापाशी ती बराच वेळ अडखळली. ‘लबाडा’ असं काहीतरी लिहून मोकळं होता आलं असतं. तिथं बसलेल्याला काय कळणार होतं? पण तिच्या हातून ते झालं नाही. तिनं जे होतं तेच लिहिलं, अगदी शब्दकोशातून शोधून. दुसरा नकार चार दिवसांत आला. आक्षेपार्ह मजकूर, बटण क्रमांक बत्तीस. खाली सही नाही, नाव नाही. कुणाशी बोलायचं ते नाही. तिला त्या नकारापेक्षा ते निनावीपण लागलं. समुद्रापलीकडं कुणीतरी थंड खोलीत बसून तिच्या बापाच्या तोंडावर हात ठेवला होता आणि तो हात कुणाचा तेही सांगत नव्हतं.

राजारामपुरीत एका दुकानात त्या फोनचं कुलूप फोडून मिळायचं. एकदा फोडलं की कंपनीचं दुकान नको, मुदत नको, काहीही घाला. एका दुपारी ती तिथं गेलीसुद्धा होती. काउंटरवर तिच्या पुढं एक मध्यमवयीन गृहस्थ उभे होते. त्यांचा फोन कुलूप फोडताना गेला होता, काचेवर नुसती एक पांढरी रेघ राहिली होती. दुकानदार म्हणत होता, “होतंय कधीकधी, सायेब. शंभरात एक.” आणि ज्यांचे फोन बिघडत नव्हते त्यांच्यात तो न विचारता आणखी काय काय भरून देत होता, ती नको तसली चित्रं तिनं काउंटरवरून पाहिली. पर्समधल्या फोनवर तिचा हात घट्ट झाला. शंभरातला एक आपला निघाला तर? ती परत फिरली. येताना तिला आपलाच राग आला, कारण त्या क्षणी तिला कंपनीचं दार बरं वाटलं होतं. शेवटी तिनं तिसऱ्यांदा प्रोग्राम पाठवला. बत्तिसावा चौकोन रिकामा ठेवला आणि त्यात ज्यानं त्यानं घरी हवं ते भरायची सोय केली. युक्ती होती, वाईट नव्हती. पण पाठवताना तिला वाटलं, आपणच आपल्या हातानं अप्पांचा तो शब्द पुसला. ती अभिनंदनला म्हणाली, “त्यांचं काही आलं तर मला सांगू नकोस. मला परत नाही ऐकायचं.” आणि त्यानंतर छापखान्याकडे फिरकली नाही.

आता तिथंच जायला हवं होतं. मुदत वाढवायची म्हणजे तोच कॉम्प्युटर, तेच कार्ड. तिनं अभिनंदनला फोन लावला. लागला नाही. छापखान्यात लावला, तर कंपोझिटर म्हणाला, “मालक आईस्नी घेऊन बाहुबलीला गेल्यात. डोंगरावर रेंज न्हाय. पाचपर्यंत येतील.” पाच. आता साडेआठ. म्हणजे साडेआठ तास अप्पा मुके. पूर्वी साडेआठ आठवडे होतेच की, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण एकदा दिलेलं काढून घेतल्यावरचे तास वेगळे मोजतात. अप्पांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली होती. पाठमोऱ्या मानेवर पांढरे केस वाढले होते, आणि तिला वाटलं, ही मान आपण आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघतोय.

अकराच्या सुमाराला कृष्णात आला. अव्वानं त्याला दारातच सगळं सांगितलं. तो चपला काढून आत आला, अप्पांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला.

“काय ओ अण्णा, यंत्र रुसलंय म्हणं? रुसू द्या. मी हाय की. माझाच आवाज त्यात, आन मीच हितं बसलोय. सांगा, काय पायजे?”

अप्पांनी समोर हात केला.

“पाणी?” मान हलली, नाही. “पंखा? थंडीत पंखा कशाला? पेपर? देवाकडं जायचंय? मुताय जायचंय?” नाही, नाही, नाही. “मग भूक लागलीया. वैनी, भाकरी वाढा ओ.”

अप्पांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले. पुन्हा तोच हात, या वेळी जोरानं, खिडकीच्या बाजूला, जरा खाली.

“खिडकी लावू?” कृष्णात उठला आणि त्यानं खिडकी लावली. अप्पांचा चेहरा लाल झाला. शिवलीला दारात उभी राहून बघत होती. कृष्णातनं खिडकी पुन्हा उघडली, मग अर्धी लावली, मग खिडकीतला तांब्या उचलून दाखवला. “ह्यो? न्हाय? आवो मग काय पायजे तरी काय, अण्णा? तीस वर्सं तुमचं काम करतोय, पन आज कायबी कळंना झालंय बगा.”

अप्पांची डावी मूठ वर गेली. मानेच्या शिरा ताठरल्या. तोंड उघडलं आणि तिला वाटलं, आता पुन्हा ती हवा, ते रिकामं फुंकर घातल्यासारखं. पण छातीच्या खालून कुठूनतरी घरघर वर आली, अडली, परत वर आली, आणि,

“रां… डच्या!”

स्वयंपाकघरात तव्यावर भाकरी जळायला लागल्याचा वास आला. कृष्णातच्या हातातला तांब्या तसाच. आवाज जाडसर होता, कडेला फाटलेला, पण तो फोनचा नव्हता. तो कृष्णातचाही नव्हता. अप्पांनीही तो ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसानं मागून हाक मारल्यावर येतो तसा भाव होता. मग कृष्णात मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी अप्पांचे पाय धरून रडायला लागला. “म्हना की ओ! आनि एकदा म्हना. कवाधरनं ऐकलं न्हाई.” आणि अप्पांनी म्हटलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. तिसऱ्यांदा तर अव्वाच म्हणाली, “पुरे, शेजारी ऐकतील,” आणि असं म्हणताना तिचे गाल ओले होते. अप्पांना हवा होता तो खिडकीखाली पडलेला चष्मा. तो नंतर सापडला.

दुपारी शिवलीलानं दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “होतं असं. शिव्या, देवाची नावं, हे मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतं, ते आधी सुटतं कधी कधी. आता रोज बोलवा. फोन हाताशी ठेवा, पण आधी दोन मिनिटं थांबत जा.” दोन मिनिटं थांबत जा. हे वाक्य तिच्यात रुतून बसलं. आपण कधी थांबलो होतो? अप्पांचं बोट उठायच्या आत आपण फोन पुढं करत होतो.

ती पडून राहिली. डोळ्यासमोर यार्डाचं दार आलं. ती नववीत असतानाची गोष्ट, ब्याण्णव साल असेल. गुळात साखर मिसळून विकतात म्हणून बोंब झाली होती आणि दारावर एक नवा तपासनीस बसवला होता. पन्हाळ्याकडचा एक शेतकरी टेम्पोभर गूळ घेऊन आला, गूळ रंगानं काळसर. तपासनीसानं टेम्पो दारातच थांबवला, दिवसभर. संध्याकाळी अप्पांना कळलं. ते तडक दारावर गेले, रव्याचा कोपरा फोडला, आधी स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि मग ओरडले, “अरं रांडच्या, रंग काय बघतोस? जिबंला लाव की आदी! रंग उजळाय पावडर टाकली न्हाय म्हणून काळा हाय त्यो!” टेम्पो आत गेला. घरी येताना तिनं विचारलं होतं, “अप्पा, मग ते दार कशाला ठेवायचं?” अप्पा चालता चालता थांबले होते. “दार पायजे, लीला. दार न्हाय ठेवलं तर साखर मिसळणारं पैलं आत येतंय. पन दारावर बसणाऱ्याच्या जिबंला चव पायजे. आन गावाला दार एकच असलं की दारावरचा माणूस सोताला धनी समजाय लागतोय.” त्या वेळी तिला तो शब्द पहिल्यांदा ऐकल्याचाच धक्का मोठा होता, बाकीचं कुठंतरी खाली जाऊन बसलं होतं. आज ते वर आलं आणि तिला कळलं की राजारामपुरीतून परत येताना आपण स्वतःवर उगाचच चिडलो होतो. दार बरं वाटणं आणि दारावरच्या माणसाचा संताप येणं, दोन्ही एका माणसात राहू शकतं. अप्पांच्यात राहत होतंच.

पाच वाजता ती अप्पांचा फोन घेऊन छापखान्यात पोचली. अभिनंदन नुकताच आला होता, कपाळावर गंध, पायावर डोंगराची धूळ. तिनं एका दमात सगळं सांगितलं. मुदत, फोन, कृष्णात, शिवी. तो शिवीपाशी हसला, मग गंभीर झाला आणि कॉम्प्युटर चालू केला.

“तुझी पत्रं आल्यात तीन-चार,” तो म्हणाला.

“कुणाची?”

“त्या कंपनीची.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तूच म्हणाली होतीस, सांगू नकोस म्हणून.” तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. “मी तर उघडलीपण न्हाईत. तुझी पत्रं मी कशाला उघडू?”

तिला त्याला मारावंसं वाटलं. मग हसू आलं. सगळ्यात वरचं पत्र मुदत संपल्याचं. त्याखालचं मुदत संपत आल्याचं. त्याखालचं दोन फेब्रुवारीचं. तिनं ते उघडलं आणि पहिली ओळ वाचून खुर्ची मागं सरकवली. मग परत पुढं सरकवून पुन्हा वाचलं. प्रोग्राम मंजूर झाला होता. दुकानात लागला होता. आज नव्हे, नऊ दिवसांपूर्वी. नऊ दिवस दार उघडं होतं आणि ती बाहेर पाठ करून उभी होती.

“बघ, इथं,” अभिनंदन वाकून म्हणाला. “एक्केचाळीस जणांनी घेतलाय.”

खाली एकानंच काहीतरी लिहिलं होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी, नाव नाही, गाव नाही. ‘आईनं आज पाणी मागितलं.’ एवढंच. शिवलीला त्या ओळीकडे बघत राहिली. कुठली आई, कुठल्या खोलीत, कुठला तांब्या. कृष्णातच्या आवाजात एखादी म्हातारी पाणी मागतेय, हे डोळ्यासमोर आलं आणि ती खुदकन हसली, आणि हसता हसताच आतलं काहीतरी, जूनपासून आवळून धरलेलं, सैल पडलं. खांदे खाली आले. ते वर होते हे तिला आजच कळत होतं. पाठीमागं मशीन चालू झालं, धडधड, धडधड, आणि तो आवाज तिला चक्क गोड वाटला.

“म्हणजे त्यांचं बरोबर होतं म्हणायचं,” अभिनंदन म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. “शिवीला काय धाड भरली होती?”

“मीपण सगळं छापत न्हाई. मागच्या निवडणुकीत एकाचं पत्रक परत पाठवलं. माझा छापखाना, माझी मर्जी.”

“मग त्यानं काय केलं?”

“शेजारच्या बोळातनं छापून घेतलं की.”

“तेच तर. तुझ्या शेजारी बोळ आहे. या फोनात बोळच नाही.”

अभिनंदननं मान डोलावली. मशीनमधून पत्रिकांचा गठ्ठा पडत होता, त्यातली एक उचलून त्यानं उजेडाला धरली, शाई पुसटली नाही ना ते पाहिलं. “उद्या काढूनबी टाकतील दुकानातनं,” तो म्हणाला.

“टाकतील.”

“तवा काय करायचं?”

“तेव्हा भांडू,” ती म्हणाली, आणि आपण हे किती सहज म्हटलं याचं तिला नवल वाटलं. सकाळी हाच विचार आला असता तर तिला धाप लागली असती. उद्याचं दार उद्या. आज फोन त्या दुकानातून आलेला प्रोग्राम घेत होता, पिवळ्या चौकोनाखाली एक बारीक पट्टी भरत चालली होती, आणि त्या प्रोग्रामला मुदत नव्हती. बत्तिसावा चौकोन मोकळा होता. त्यात काय भरायचं ते विचारायला आता समुद्रापलीकडं जायचं नव्हतं. भरायचं की नाही, हेही घरच्यांनीच ठरवायचं होतं.

ती चालतच घरी निघाली. रिक्षा मिळत होत्या, पण पायांना चालायचं होतं. लक्ष्मीपुरीतून शाहूपुरीपर्यंत दुकानांचे दिवे लागत होते, मिरच्यांच्या पोत्यांवरून वारा आला तशी तिला शिंक आली, एक सायकलवाला “बगून चाला की ओ, ताई!” म्हणून ओरडून गेला आणि तिला त्याचाही राग आला नाही. केवढं ओरडतात आपल्याकडची माणसं. केवढं बोलतात. आठ महिने ती या रस्त्यानं खाली बघत जात होती, आज वर बघून चालत होती.

घराच्या पायरीवर ती चप्पल काढायला थांबली. आत कृष्णात अजून होता. अप्पांचा आवाज येत होता, जाड, चाचपडणारा.

“ब… बस…”

“बसलोय की, अण्णा. सकाळधरनं बसलोय,” कृष्णात म्हणाला.

“बस… बस…”

“बस म्हंजे पुरे म्हणताय व्हय? दमलासा? ऱ्हाऊ द्या मग आज. घाई न्हाय.”

शिवलीलाचा हात पर्समधल्या फोनकडे गेला. मग तिला आठवलं, दोन मिनिटं, आणि तिनं हात काढून घेतला. एका पायात चप्पल, एक पाय थंड फरशीवर. आतून पुन्हा ती घरघर आली, वर चढली, अडली.

“बस… म्मा.”

कृष्णात मोठ्यांदा हसला. “आयला! नाव घेतलंसा की वैनीचं! चव्वेचाळीस वर्सांत पैल्यांदा!”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. अव्वा तिथं काय करत असेल ते पायरीवरून दिसत नव्हतं. नळ ठिबकत होता. रस्त्यावरून कुणीतरी गात गेलं. आणि बऱ्याच वेळानं, अगदी हळू, नव्या नवरीच्या आवाजात आतून आलं,

“ओ.”